वापरलेली सुई : इस्पितळात, घरी आणि गोठ्यात

आपल्या धर्मग्रामांतील शेतकरी कुटुंबांतून परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुली जातात. अलीकडे मुलगेही जातात. मुलीला पाठविण्यापूर्वी आईबाप चौकशी करतात ती वसतिगृहाची, जेवणाची, रात्रपाळीची आणि पुढे मिळणाऱ्या पगाराची. तेथे वापरलेल्या सुया कशात टाकतात आणि मुलीला रक्तातून लागणाऱ्या काविळीची लस केव्हा देणार, हे दोन प्रश्न कोणी विचारल्याचे मात्र आमच्या ऐकण्यात नाही. ते विचारावेत म्हणून हा लेख. त्यातील काही भाग इस्पितळापुरता आहे, काही आपल्या परसापुरता व गोठ्यापुरता.

इस्पितळातील कचरा आणि परिचारिकांना होणारी रोगाची लागण हे दोन वेगळे विषय समजले जातात. पहिला सफाई कामगारांचा, दुसरा डॉक्टरांचा. वास्तविक तो एकच विषय आहे. रुग्णाला इंजेक्शन देऊन झाले की रुग्णाचे काम संपते. सुईचा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. परिचारिकेच्या हातातून ट्रेमध्ये, ट्रेमधून बादलीत, बादलीतून सफाईवालीच्या हाती, तेथून गाडीवर. या वाटेवर जो जो तिला हात लावील त्याला मागच्या रुग्णाच्या रक्ताशी संबंध येण्याचा धोका असतो. परिचारिका या वाटेवर सर्वांत पुढे उभी असते, एवढाच फरक.

हे किती खरे आहे, याचा एक फार मोठा दाखला आफ्रिकेतील एका कॅथलिक मिशन इस्पितळाचा आहे. त्या वेळच्या झाईर देशात, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, उत्तरेकडे यांबुकू नावाचे गाव आहे. तेथे बेल्जियमच्या मिशनऱ्यांनी १९३५ मध्ये मिशन सुरू केले होते. १९७६ साली तेथील इस्पितळात १२० खाटा होत्या आणि काम करणारे सतराजण. महिन्याला सहा ते बारा हजार माणसे बाहेरच्या विभागात येत. औषध म्हटले की बहुधा इंजेक्शनच. ताप आला की इंजेक्शन, गर्भवती बाई तपासणीला आली की इंजेक्शन. आणि एवढ्या माणसांसाठी रोज सकाळी परिचारिकांच्या हाती मिळत असे पाच सिरिंजा आणि पाच सुया. एका रुग्णाला टोचून झाले की सुई कोमट पाण्याच्या भांड्यात खळबळून दुसऱ्याला. दिवस संपल्यावर कधी कधी त्या उकळल्या जात.

ऑगस्ट १९७६ च्या अखेरीस मिशनच्या शाळेतील एक शिक्षक तापाने आजारी पडून तेथे आला. मलेरिया समजून त्याला क्लोरोक्विनचे इंजेक्शन देण्यात आले. तो मलेरिया नव्हता. पुढे ज्याला इबोला हे नाव मिळाले तो रोग होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्या परिसरात ३१८ माणसांना हा रोग झाला आणि त्यांतील २८० दगावली. तरुण स्त्रिया अधिक बळी पडल्या, कारण गर्भवतींच्या तपासणीला येऊन त्यांनी सुई टोचून घेतली होती. ज्यांना सुईतून लागण झाली त्यांच्यापैकी कोणीही वाचले नाही. इस्पितळात काम करणाऱ्या सतरांपैकी अकराजण मरण पावले. त्यांत स्थानिक परिचारक होते तशा बेल्जियमहून आलेल्या सिस्टरही होत्या. ३० सप्टेंबरला इस्पितळ बंद झाले. इंजेक्शने थांबली, आजारी माणसे वेगळी ठेवली गेली, आणि ऑक्टोबर सरेपर्यंत साथ ओसरली.

या हकिकतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच इस्पितळाच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत सुया, सिरिंजा आणि हत्यारे पुरेशी होती, ती निराळी ठेवली जात आणि प्रत्येक वापरानंतर दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होत. एकाच छपराखाली शस्त्रक्रियेच्या खोलीत नियम पाळला जात होता आणि बाहेरच्या व्हरांड्यात नाही. त्या सिस्टरांच्या सेवाभावाबद्दल कोणालाच शंका नाही. सेवाभावाने जंतू मरत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. आमच्या मते, गरिबांच्या इस्पितळात काटकसर करताना सुई, हातमोजे आणि साबण यांना कात्री लावू नये; लावायची तर इतर कशाला लावावी.

याच देशात किक्विट शहरी १९९५ मध्ये इबोला पुन्हा उफाळला. त्या वेळी इटलीतील बेर्गामो येथील संस्थेच्या सहा धर्मभगिनी रुग्णांची शुश्रूषा करताना एकामागून एक मरण पावल्या. हातमोजे, झगे, मास्क आणि कचऱ्याची बंद व्यवस्था आल्यानंतर मात्र कर्मचाऱ्यांतील नवी लागण जवळजवळ थांबली. आपल्याकडे केरळात २०१८ साली निपाह रोगाची साथ आली. पेरांब्रा येथील सरकारी इस्पितळात पहिल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुस्सेरी २१ मे रोजी मरण पावल्या. त्या साथीतही बहुतेकांना रोग लागला तो इस्पितळातच.

इबोला व निपाह हे क्वचित येणारे पाहुणे. रोजचा धोका निराळा आणि तो अधिक शांतपणे येतो. वापरलेल्या सुईतून मुख्यतः तीन रोग जातात : हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच.आय.व्ही. लोक घाबरतात ते तिसऱ्याला. एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याचा संभव हजारात तीन इतका असतो. हिपॅटायटिस सी चा शेकडा दोनहून कमी. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून लागणारी कावीळ, हिचा मात्र लस न घेतलेल्या माणसाला शेकडा सहापासून तीसपर्यंत. रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहेत त्यावर ते अवलंबून. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणजे सोमवारी उशीखाली राहून गेलेली सुई शनिवारी चादर झटकणाऱ्या बाईला रोग देऊ शकते. पुष्कळांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, आणि काहींचे यकृत वर्षानुवर्षे हळूहळू बिघडत जाते.

तिघांपैकी लस आहे ती नेमकी या हिपॅटायटिस बी वर, आणि ती उत्तम आहे. पहिली मात्रा, मग एक महिन्याने दुसरी, आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. तिसरी मात्रा घेतल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासले म्हणजे संरक्षण आले की नाही ते कळते. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस २००२ पासून काही भागांत सुरू झाली आणि २०११ मध्ये ती सर्व देशभर दिली जाऊ लागली. तेव्हा आज पंचविशीच्या पुढे असलेल्या परिचारिकेने बालपणी ती घेतली असेल असे गृहीत धरू नये; कार्ड पाहावे. इस्पितळाच्या कचऱ्याविषयी भारत सरकारचे २०१६ चे जे नियम आहेत, त्यांत कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी देण्याची जबाबदारी इस्पितळ चालविणाऱ्यावर टाकली आहे. ही मेहेरबानी नव्हे. सफाईवालीलाही हा हक्क तितकाच आहे, आणि तिला तो कोणी सांगत नाही.

सुई टोचलीच तर काय करावे? जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. दाबून पिळून रक्त काढू नये, बोट तोंडात घालून चोखू नये, त्यावर ब्लीचिंगचे पाणी किंवा स्पिरिट ओतू नये. डोळ्यांत रक्त उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने डोळे धुवत राहावे. मग त्याच वेळी वरिष्ठांना सांगावे. येथेच घोडे पेंड खाते. नवी मुलगी असते. बोलणी बसतील, निष्काळजी ठरू, या भीतीने ती गोष्ट दडवते. एच.आय.व्ही. रोखण्याची औषधे शक्य तर दोन तासांच्या आत सुरू करावयाची असतात. बहात्तर तास उलटल्यावर त्यांचा उपयोग नसतो. ती अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात आणि सरकारी इस्पितळात मोफत मिळतात. काविळीची लस घेतलेली नसेल तर निराळे संरक्षक इंजेक्शन देतात, तेही शक्यतो चोवीस तासांत, आणि लस त्याच दिवशी सुरू करतात. घरी सुट्टीवर आलेल्या मुलीशी बोलताना आईने या तासांचा हिशेब तिच्या कानावर घालावा. दडवलेल्या सुईपेक्षा खाल्लेली बोलणी परवडली.

सुई टोचते केव्हा, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळदा ती इंजेक्शन देताना टोचत नाही, नंतर टोचते. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण परत बसवताना टोचते. भरून वर आलेल्या डब्यात सुई कोंबताना टोचते. कचऱ्याची पिशवी मांडीला घासत नेताना टोचते. म्हणून टोपण परत बसवू नये, सुई जागच्या जागी कटरने तोडावी आणि टोचणाऱ्या वस्तूंचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा, एवढे शिकवले जाते. शिकवणे सोपे आहे. एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण असले आणि कटर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असला म्हणजे ते पाळणे कठीण होते. कटर व डबा इंजेक्शनच्या ट्रेबरोबर खाटेपर्यंत गेला पाहिजे.

आता कचऱ्याविषयी. इस्पितळातील सगळाच कचरा घातक असतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे शंभरातील सुमारे ८५ भाग साधाच असतो : कागद, फळांच्या साली, उरलेले अन्न. उरलेला १५ भाग घातक. बेळगावकडील आपले बटाट्याचे शेतकरी बटाटा काढतानाच शेतात निवड करतात. कुजका बटाटा पोत्यात भरून, महिन्याने पोते सोडून निवडायला कोणी बसत नाही, कारण तोवर सगळे पोते गेलेले असते. इस्पितळाचेही तसेच. केळीच्या सालींच्या बादलीत रक्ताचा एक बोळा पडला की ती सबंध बादली घातक धरावी लागते. म्हणून नियम असा की ज्याने वस्तू वापरली त्यानेच, वापरल्या जागी, ती योग्य पिशवीत टाकावी. मागाहून निवड करणे म्हणजे दुसऱ्याचा हात त्यात घालणे.

२०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत शरीराचे काढलेले भाग, वार, रक्ताने भरलेला कापूस व पट्ट्या, मुदत संपलेली औषधे जातात. हा कचरा भट्टीत जाळतात. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. हे प्लॅस्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा उपयोगात आणतात. सुया, पाती व टोचणाऱ्या सर्व वस्तू पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या आणि न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या पेटीत. शरीराचे भाग व रक्ताने भरलेला कचरा ४८ तासांहून अधिक काळ प्रक्रियेविना ठेवू नये आणि घातक कचरा, ७५ किलोमीटरच्या आत प्रक्रिया करणारे सामाईक केंद्र असेल तर तेथेच पाठवावा. आपण आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा या रंगीत बादल्या दिसतात. चहाचा कप वा केळीची साल त्यांत टाकू नये. परिचारिकेचे काम वाढविण्याचा आपल्याला काय अधिकार?

काचेच्या सिरिंजचा काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कंपाउंडर स्टोव्हवर भांडे ठेवून सुया उकळीत असे. पुढे एकदाच वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या. रुग्णाचा धोका कमी झाला आणि कचऱ्याचा ढीग वाढला. त्या ढिगातून नवा धोका कसा निघतो ते २००९ साली गुजरातेत मोडासा येथे दिसले. हिपॅटायटिस बी ची साथ उठली आणि अनेक डझन माणसे मेली. दवाखान्यांतून त्याच सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्याचे निष्पन्न झाले आणि वापरलेल्या सिरिंजांचा व्यापारही उघडकीस आला. न मोडता फेकलेली सिरिंज कोणी तरी उचलतो, धुतो आणि विकतो. तेव्हा कोणत्याही दवाखान्यात आपल्यासमोर पाकीट फोडून सिरिंज काढावयास सांगावे आणि वापरल्यावर सुई तोडली जाते का तेही पाहावे. डॉक्टरांना राग आला तर येऊ द्यावा.

दूरच्या खेड्यात, जेथे सामाईक केंद्राची गाडी पोचत नाही, तेथे परवानगीने खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा. निम्मा भरल्यावर त्यावर, जमिनीखाली पन्नास सेंटिमीटरपर्यंत, चुना घालावा आणि वर माती. प्रत्येक वेळी कचरा टाकला की दहा सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. जवळ उथळ विहीर नसावी आणि खड्ड्याच्या तळापासून भूजल निदान सहा मीटर खाली असावे. कुत्री उकरणार नाहीत असे झाकण हवे. आपल्या भागात पावसाळ्यात विहिरीचे पाणी किती वर येते ते गावातील माणसालाच ठाऊक असते. अशा दवाखान्यासाठी जागा निवडताना गावकऱ्यांनी ते सांगावे. उन्हाळ्यात पाहिलेली जागा श्रावणात फसवते.

इस्पितळ सोडून आता घरी येऊ. मधुमेहासाठी रोज इन्शुलिन टोचून घेणारी माणसे आज खेडोपाडी आहेत. त्यांच्या सुया जातात कोठे? बहुधा उकिरड्यावर. उकिरड्यातील खत वैशाखात शेतात जाते आणि आषाढात आपण त्याच चिखलात अनवाणी उभे राहून भाताचे रोप लावतो. चुलीत वा शेकोटीत टाकली तर प्लॅस्टिक जळून विषारी धूर होतो आणि सुई राखेत तशीच राहते; ती राख मग वांग्या-मिरचीच्या वाफ्यात. गुराच्या वैरणीतून सुई पोटात गेली तर ती जाळीदार पोटात अडकते आणि तेथून पुढे हृदयाकडे सरकू शकते. तार वा खिळा खाऊन मेलेले जनावर ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे सांगावयास नको.

उपाय फारसा खर्चाचा नाही. फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिच्यावर ठळक अक्षरात ‘वापरलेल्या सुया’ असे लिहावे आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. सुई टोचून झाली की टोपण न लावता सरळ आत. तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट बसवून, चिकटपट्टी लावून, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांच्या इस्पितळात विचारून द्यावी. पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, त्यांतून सुई बाहेर येते. बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जखमा धुणाऱ्या सुनेलाही परिचारिकेचेच नियम लागू आहेत : हातमोजे, आधी व नंतर साबणाने हात, रक्ताच्या पट्ट्या निराळ्या पिशवीत. खोकल्यातून पसरणाऱ्या क्षयाला मात्र सुई लागत नाही. तेथे उघडी खिडकी आणि रुग्णाच्या तोंडावर फडके किंवा मास्क, हे अधिक महत्त्वाचे.

आणि गोठा. पशुवैद्यकीय दवाखाने २०१६ च्या नियमांत माणसांच्या इस्पितळांइतकेच येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन जातात आणि सुई, रिकामी कुपी, हातमोजा गव्हाणीशेजारी पडून राहतो. ते सर्व त्यांनी परत न्यावे असे आग्रहाने सांगावे. चार जनावरांना एकाच सुईने टोचू देऊ नये. रक्तातून जाणारे रोग गुरांतही असतातच.

सर्वांत जपावे ते गाय किंवा म्हैस गाभडते तेव्हा. दिवस भरत आले असताना जनावर गाभडले तर तो ब्रुसेलोसिस असण्याचा संभव असतो. गाभडलेले वासरू, वार आणि अंगावरचे पाणी यांत जंतू खच्चून भरलेले असतात, आणि आपण वार उघड्या हाताने ओढतो. माणसाला मग ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम सुटतो, सांधे व कंबर महिनोन्‌महिने दुखते. अशा वेळी लांब हातमोजे घालावे, हातावर जखम असेल त्याने जवळ जाऊ नये, गर्भवती बाईने तर नाहीच. वार व वासरू खोल पुरून वर चुना टाकावा, कुत्र्यापुढे टाकू नये. दूध तापवल्याशिवाय कोणी पिऊ नये. या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना एकदाच देतात. २०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेतून ती मिळते. ती जिवंत जंतूंची लस आहे. टोचताना कालवडीने झटका दिला आणि सुई धरणाऱ्याच्या हातात गेली तर त्याला रोग होऊ शकतो. जागा साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ब्रुसेलाची लस टोचली असे नाव घेऊन सांगावे. पुढे आठवड्यांनी नुसता ताप येतो म्हणून सांगितले तर मलेरिया आणि टायफॉईडची औषधे चालू राहतात आणि खरा रोग तसाच राहतो.